पावडरचा डबा संपतो, नायटा संपत नाही: नेमकं कुठे अडतंय?

मिरगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की आमच्या औषधाच्या दुकानात एक ठरलेली मागणी येते. गिऱ्हाईक पुरुष असेल तर काउंटरवर मी, म्हणजे बाई, उभी आहे हे बघून तो जरा घुटमळतो आणि हळूच म्हणतो, "ती खाजेची पावडर द्या." कोणती, असं विचारलं तर उत्तर येतं, "गेल्या वर्षी नेली होती तीच." बायका मात्र माझ्याशी मोकळेपणी बोलतात. स्तनांखाली लाल झालंय, परकराच्या नाडीखाली गोल चट्टा उठलाय, जांघेत आग होते. त्यांच्याही बोलण्याचा शेवट तोच असतो: पावडर लावली की बरं वाटतं, सोडली की परत येतं.

चिपळुणात जून ते सप्टेंबर कपडा धड वाळत नाही, त्यामुळे ही तक्रार आमच्याकडे जरा जास्तच. पण पुण्या-मुंबईच्या लोकलमध्ये घामाघूम होणाऱ्यांचीही कहाणी वेगळी नाही. बुरशीनाशक पावडर हे चांगलं औषध आहे, मी ती रोज विकते. तरीही नायटा परत परत येत असेल तर पावडर बदलून बहुतेक वेळा काही साधत नाही. कारण दुसरीकडेच असतं. ते कसं शोधायचं हे एका रिक्षावाल्या काकांच्या उदाहरणावरून सांगते, कारण जवळजवळ सगळ्या चुका त्या एकाच माणसाच्या वाट्याला आल्या होत्या.

काकांना जांघेत नायटा होऊन तीन पावसाळे झाले होते. पहिल्या वर्षी नुसती पावडर लावली. आठ दिवसांत खाज थांबली, त्यांनी डबा फळीवर ठेवून दिला, महिन्याभरात नायटा परत. दुसऱ्या वर्षी स्टँडवरच्या मित्राने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे आले तेव्हा चट्टा मांडीवर उतरला होता आणि मागे कुल्ल्यांपर्यंत गेला होता. हातात गेल्या वर्षीचा अर्धा डबा होता आणि प्रश्न एकच: "याच्यापेक्षा स्ट्राँग पावडर आहे का?"

आधी हे बघा: मुळात बुरशीच आहे ना?

गजकर्ण किंवा नायटा ओळखायची खूण म्हणजे त्याची कडा. कड उचललेली, लालसर, बारीक पुळ्यांची किंवा खवल्यांची असते, मधला भाग त्या मानाने साफ दिसतो आणि चट्टा बाहेरच्या बाजूला पसरत जातो. जांघेतला नायटा मांडीच्या आतल्या बाजूने वाढतो. पुरुषांमध्ये अंडकोषावर तो सहसा चढत नाही. अंडकोषावरही लाली आणि आग असेल, किंवा स्तनांखाली, पोटाच्या वळीत ओलसर लालभडक त्वचा असून मुख्य चट्ट्याच्या बाहेर सुट्या-सुट्या बारीक पुळ्या विखुरल्या असतील, तर ती कँडिडा नावाची वेगळी बुरशी असू शकते. अशा माणसाला मी आधी रक्तातली साखर तपासली आहे का ते विचारते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या कँडिडामुळे मधुमेह उघडकीला आल्याची उदाहरणं काउंटरवर बसून मी पाहिली आहेत.

हा फरक का महत्त्वाचा? क्लोट्रिमेझोल किंवा मायकोनेझोलची पावडर दोन्ही प्रकारच्या बुरशींवर चालते. निस्टॅटिन मात्र फक्त कँडिडावर चालतं, नायट्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

काही तक्रारी तर बुरशीच्या नसतातच. रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या आहेत आणि घरात तिघा-चौघांना तेच होतंय, तर ती खरूज. ती किड्यामुळे होते, तिला पावडरने काही होत नाही. काखेत किंवा जांघेत तपकिरी, सपाट, फारसा न खाजणारा डाग महिनोन्महिने तसाच असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ विशिष्ट दिव्याखाली बघतात तेव्हा तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. छाती-पाठीवरची पांढरट शिबं ही बुरशीच, पण यीस्ट जातीची. तिथे एवढ्या मोठ्या भागावर पावडर भुरभुरण्यापेक्षा डॉक्टर सांगतील तो औषधी शाम्पू जास्त उपयोगी पडतो. आणि लहान मुलाच्या डोक्यात गोल टक्कल पडून खवले सुटत असतील तर वरून काहीही लावून भागत नाही. बुरशी केसाच्या मुळात असते, पोटात घ्यायचंच औषध लागतं.

खात्री करायची सोपी तपासणी आहे. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते बघतात. दुखत नाही, वेळही लागत नाही. वर्षभर अंदाजाने पैसे घालवण्यापेक्षा ही तपासणी करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

डब्यावर काय लिहिलंय?

काकांच्या हातातला अर्धा डबा मी उलटा करून बघितला. ती घामोळ्याची पावडर होती. मेंथॉलचा गारवा असतो, त्याने खाज काही वेळ दबते, म्हणून तीन वर्षं त्यांना वाटत होतं की आपण बुरशीचं औषध लावतोय. तुमच्या डब्यावर क्लोट्रिमेझोल १ टक्का किंवा मायकोनेझोल २ टक्के असं औषधाचं नाव आणि प्रमाण छापलेलं आहे का, ते आत्ता उठून बघा. जाहिरातीत "फंगस" शब्द आला म्हणजे आत औषध आहे असं समजू नका. मुदतही बघा. डबा न्हाणीघरात ठेवला असेल आणि पावडरचे खडे झाले असतील तर तो टाकून द्या.

पावडर काय करते, काय करत नाही

बुरशी त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरात, तिथल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते आणि तिला ओल हवी असते. पावडर दोन कामं करते: ओल शोषते आणि थोडं औषध त्वचेवर ठेवते. पण कोरड्या भुकटीतलं औषध त्या थरात मलमाइतकं मुरत नाही. घामाबरोबर ती निघूनही जाते. म्हणून उठलेल्या, कड आलेल्या नायट्यावर मुख्य औषध मलम. पावडर त्याच्या जोडीला. वळी कोरड्या ठेवायला, बुटात-मोज्यात टाकायला आणि बरं झाल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून पावडरइतकं सोयीचं दुसरं काही नाही. नुसत्या पावडरवर मोठा चट्टा काढायला जाल तर खाज दबेल आणि बुरशी कडेकडेने चालत राहील.

मलम लावताना बहुतेक जण जिथे खाजतं तिथेच, म्हणजे मधोमध लावतात. जिवंत बुरशी कडेला असते. कड ओलांडून बाहेरच्या साफ दिसणाऱ्या त्वचेवर दोन बोटं रुंदीपर्यंत लावा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवा. खाज थांबते ती पहिल्या आठवड्यातच, आणि बरेच लोक तिथेच थांबतात. त्या दिवशी बुरशी संपलेली नसते.

ती दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या मते आज परत येणाऱ्या नायट्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मित्राने दिलेली ट्यूब काकांनी दुसऱ्या दिवशी आणून दाखवली. तीत बुरशीचं औषध होतं, जिवाणूंचं होतं आणि क्लोबेटासोल होतं. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधलं सर्वांत तीव्र गटातलं. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, म्हणून दोन दिवसांत गुण आल्यासारखं वाटतं. पण लाली-खाज ही बुरशीविरुद्ध शरीराने दिलेली झुंज असते. ती झुंजच थांबवली की बुरशीला रान मोकळं. चट्टा आपली ओळखीची कड हरवतो, पसरतो, वर्तुळात वर्तुळ दिसायला लागतं. मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेतली त्वचा पातळ असते, तिथे औषध जास्त शोषलं जातं, आणि काही आठवड्यांत गरोदर बाईच्या पोटावर येतात तशा रेषा मांडीवर उमटतात. त्या कायमच्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या एका कॉलेजच्या पोराच्या मांड्यांवर मी त्या बघितल्या आहेत, बोटभर रुंद. तो विचारत होता, या जायला काय लावू. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी हे दुसऱ्यांना दोष द्यायला लिहीत नाही. दुकान नवं होतं तेव्हा अशा ट्यूब चिठ्ठीशिवाय मीही दिल्या आहेत, "हे लावा, लगेच बरं वाटेल" असं सांगून. त्याची टोचणी आजही आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने क्लोबेटासोलसारख्या अनेक स्टिरॉइड मलमांना असलेली सूट काढली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला मनाई झाली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्याआधीपासून याविरुद्ध ओरडून सांगत होती. तरीही ही मलमं एका हातातून दुसऱ्या हातात फिरतच असतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक नाव दिसलं तर नायट्यावर ती लावू नका. खूप दिवस लावत असाल तर मात्र डॉक्टरांना दाखवून बंद करा; एकदम सोडल्यावर आग आणि लाली उसळते आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतो.

यातच आणखी एक भर पडली आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायटा पूर्वीसारखा राहिलेला नाही. ट्रायकोफायटॉन बुरशीचा एक प्रकार इथे जोर धरून बसला आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या नमुन्यांवरून त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो अनेकदा दाद देत नाही, कारण ते औषध बुरशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं त्याच विकरात बुरशीने बदल करून घेतला आहे. म्हणून "शेजाऱ्याला ज्या गोळ्यांनी बरं वाटलं त्याच द्या" असं म्हणू नका. गोळी कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. काही गोळ्यांच्या आधी यकृताची तपासणी लागते, काही हृदयाचा त्रास असलेल्यांना चालत नाहीत.

घर आणि पाय

काकांना मी चप्पल काढायला सांगितली. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात त्वचा पांढरी, भिजून फुगलेली आणि मधे चिरलेली. "त्या चिखल्या आहेत, दर पावसाळ्यात होतात," ते म्हणाले. लावणीच्या चिखलात उभं राहणाऱ्या बायकांना होतात त्याच. २०२१ च्या जुलैमधल्या महापुरानंतर तर आठवडाभर गाळ उपसणाऱ्या आमच्या सगळ्या गावाच्या पायांना त्या झाल्या होत्या. चिखल्यांना कोणी आजार मानत नाही, पण तिथे अनेकदा बुरशी वस्तीला असते. काका अंघोळीनंतर पाय पुसत आणि त्याच पंच्याने जांघ पुसत. आतली चड्डी पायांवरून वर ओढताना बेचक्यातली बुरशी थेट वर चढत होती. वरती कितीही पावडर लावा, खालून पुरवठा चालूच.

यावर उपाय साधे आहेत. पायांवर आणि जांघेवर उपचार एकाच वेळी करा. पायाचा पंचा वेगळा ठेवा. बूट-मोजे घालणाऱ्यांनी आधी मोजे घालावेत, मग चड्डी. पावसात भिजलेले गमबूट रात्री उलटे ठेवून वाळवावेत आणि सकाळी घालण्याआधी आत पावडर भुरभुरावी. एकच जोड रोज घालण्यापेक्षा दोन जोड आलटून-पालटून वापरलेले चांगले. नखं पिवळी, जाड, ठिसूळ झाली असतील तर तिथेही बुरशीचा साठा असू शकतो, आणि नखाला पावडरने काही होत नाही.

मग मी घरच्यांबद्दल विचारलं. काकूंना कमरेवर परकराच्या नाडीखाली चट्टा होता, धाकट्या मुलाला मानेवर. कोणीच सांगितलं नव्हतं, कारण "थोडंसंच आहे". घरात एकाला उपचार आणि दोघांना नाही, अशाने नायटा जायचा नाही. तिघांनाही एकदमच डॉक्टरांकडे पाठवलं.

कपड्यांचं म्हणाल तर आमच्याकडे पावसाळ्यात वलणीवर चार-चार दिवस कपडे दमट राहतात आणि नाइलाजाने तसेच अंगावर चढतात. निदान आतले कपडे, मोजे आणि पंचे तरी वेगळे काढून कडक गरम पाण्यात भिजवा, आणि ऊन नसेल तर उलट्या बाजूने इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा. शिवणी आणि इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर इस्त्री जास्त वेळ धरा. घट्ट जीन्स आणि नायलॉनची आतली वस्त्रं बरं होईपर्यंत बाजूला ठेवा. काकांच्या रिक्षाची सीट रेक्झिनची, दिवसभर घाम तिथेच साचायचा. त्यांनी वर सुती चादर घालायला सुरुवात केली, ती रोज धुवायची.

पावडर लावायची कशी

ओल्या अंगावर पावडर टाकली तर तिचे गोळे होतात. ते वळीत घासले जातात आणि त्वचा सोलवटते. अंघोळीनंतर टिपून घ्या, घासू नका, आणि पंख्याखाली पाच मिनिटं थांबा. मलम लावत असाल तर ते आधी, पातळ. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग हवी तर पावडर. तळहातावर थोडी घ्या, डबा अंगावर झटकू नका, आणि हलक्या हाताने पातळ थर द्या. दिवसातून दोनदा पुरे. दुसऱ्यांदा लावण्याआधी जुना थर धुऊन काढा, त्यावरच नवा चढवू नका. खोबरेल तेल लावून त्यावर पावडर, ही आमच्याकडची जुनी सवय. त्याने चिकट लेप होतो आणि ओल आतच कोंडते. हात धुवायला विसरू नका, नाहीतर तेच हात चेहऱ्याला लागतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत काही गोष्टी मी ठामपणे सांगते. रक्त किंवा पाणी येणाऱ्या जखमेवर पावडर टाकू नका. ती आत अडकून त्रास देते. चिरलेल्या चिखल्यांना आधी कोरडं करून डॉक्टरांना दाखवा. पावडरचा धूर उडेल अशी कधीच वापरू नका. दमेकऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या जवळ तर मुळीच नको, बारीक भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते. बाळाच्या लंगोटाच्या जागी लाली असेल तर स्वतःच्या डब्यातली पावडर लावू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा. बायकांनी योनीच्या आत किंवा अगदी जवळ टाल्क असलेली पावडर वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला "बहुधा कर्करोगकारक" गटात घातलं आहे. त्या जागेच्या संसर्गासाठी वेगळी औषधं मिळतात. गरोदर असाल तर लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. लावल्यावर आग वाढली, पुरळ उठलं, सूज आली तर धुऊन टाका आणि बंद करा.

आणि यांपैकी काही दिसलं तर माझ्याकडेही येऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा: ताप, पू, झपाट्याने पसरणारी दुखरी गरम लाली, मधुमेह्याच्या पायाला पडलेली चीर, चेहऱ्यावरचा किंवा डोक्यातला चट्टा, किंवा नीट औषध लावूनही दोन आठवड्यांत काहीच फरक नाही.

काकांना त्वचारोगतज्ज्ञांनी गोळ्या आणि साधं, स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं. एकूण अडीच महिने लागले. मधे एकदा, सहाव्या आठवड्यात, ते म्हणाले की आता खाज नाही, थांबू का. मी हात जोडून त्यांना थांबू नका म्हटलं.

आता ते पावडर नेतात ती पावसाळ्याआधी, योग्य नावाची, बुटांसाठी आणि वळींसाठी. मांडीवर काळपट डाग अजून आहे आणि त्यावर ते पुष्कळ दिवस मलम चोळत होते. त्याची गरज नव्हती. कड नसलेला, सपाट, न खाजणारा आणि न वाढणारा काळा डाग म्हणजे बरं झाल्याची मागे राहिलेली खूण. ती फिकट व्हायला कित्येक महिने जातात. तो डाग घासू नका, त्यावर गोरं करायची क्रीम लावू नका, त्यातही अनेकदा स्टिरॉइड असतं. पंधरा दिवसांतून एकदा उजेडात बघा, कड उठतेय का एवढंच. उठली तर त्याच आठवड्यात दाखवा.